डोंगरउतारावरचे घर : आधी पाण्याची वाट, मग दृश्य

शहरातल्या सदनिकेत अर्धे आयुष्य घालवलेल्या कुटुंबाला डोंगरावरच्या घराची ओढ वाटावी, यात नवल नाही. मुळशी, पानशेत, लोणावळा, कर्जत, पाचगणी या परिसरांत असे भूखंड घेऊन स्वतःच्या कल्पनेप्रमाणे घर बांधणाऱ्यांची संख्या गेल्या दोन-अडीच दशकांत वाढली. जाहिरातीतल्या छायाचित्रात दरी असते, धरणाचे पाणी असते, संध्याकाळचे ढग असतात. भूखंड पाहण्याची सहलही बहुधा डिसेंबर-जानेवारीत होते. त्याच जमिनीवरून जुलै महिन्यात किती पाणी वाहते, हे मात्र ना छायाचित्रात दिसते, ना सहलीत.

डोंगरउतारावर दृश्य आपोआप मिळते. वास्तुरचनाकाराचे कौशल्य पणाला लागते ते माती आणि पाणी यांच्या बाबतीत. सह्याद्रीने याची जाणीव वारंवार करून दिली आहे. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि सुमारे दीडशे माणसे दगावली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरडीखाली ऐंशीहून अधिक बळी गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडी गाडली गेली. तिन्ही दुर्घटना जुलैच्या उत्तरार्धातल्या आणि मुसळधार पावसातल्या. या काही हौसेने उभारलेल्या बंगल्यांच्या वसाहती नव्हत्या. डोंगराशी जवळचा परिचय असलेल्या माणसांच्या वस्त्या होत्या. तेव्हा उतारावर नव्याने घर बांधू पाहणाऱ्याने दृश्याच्या आधी पाण्याचा विचार करणे, हे शहाणपणाचे ठरते. अशा घराची रचना करताना कोणत्या गोष्टी कोणत्या क्रमाने पाहाव्यात, याचा हा आढावा.

उतार किती, हे आधी मोजा

डोळ्यांना उताराचा अंदाज फसवा येतो. त्यामुळे पहिले काम समोच्च रेषांच्या नकाशाचे, म्हणजेच कंटूर सर्व्हेचे. अर्धा किंवा एक मीटर उंचीच्या फरकाने काढलेल्या या रेषा जिथे जवळजवळ येतात, तिथे उतार तीव्र. जिथे लांब जातात, तिथे सौम्य. मोठी झाडे, उघडे खडक, ओहोळ, जुन्या बांधांच्या रेषा या सर्वांची नोंद त्याच नकाशावर झाली पाहिजे.

एक साधे उदाहरण घेता येईल. १:५ उतार म्हणजे पाच मीटर पुढे गेल्यावर एक मीटर खाली. अंशांत सांगायचे तर अकरा अंशांहून थोडा अधिक. हा आकडा ऐकायला लहान वाटतो; पण ३० मीटर लांबीच्या भूखंडात वरच्या आणि खालच्या हद्दीत ६ मीटरचा, म्हणजे दोन मजल्यांचा फरक पडतो.

१:५ हे प्रमाण कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे. त्याहून तीव्र उतारावर बांधकाम करण्यास राज्यातील नियोजन नियमांत सामान्यतः मनाई आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्याच्या मोठ्या भागासाठी एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आली, तेव्हा मुंबई, गिरिस्थान नगरपरिषदा आणि अधिसूचित पर्यावरण संवेदनशील क्षेत्रे तिच्यातून वगळण्यात आली होती. महाबळेश्वर-पाचगणी हे क्षेत्र २००१ मध्ये आणि माथेरान २००३ मध्ये पर्यावरण संवेदनशील म्हणून अधिसूचित झाले. त्यामुळे सातबारा स्वच्छ आहे आणि जमीन बिगरशेती झाली आहे, एवढ्यावर समाधान मानू नये. झोन दाखला घ्यावा, वनजमिनीची हद्द तपासावी आणि प्रत्यक्ष उतार मोजून त्यातील नेमका किती भाग बांधकामास योग्य आहे, हे खरेदीखतापूर्वीच लिहून घ्यावे. विकत घेतलेल्या वीस गुंठ्यांपैकी घर बसेल अशी जागा दोन-तीन गुंठेच असू शकते.

जमिनीच्या पोटात काय आहे?

सह्याद्रीचा हा प्रदेश सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी बनलेला आहे. एकावर एक पसरलेल्या या थरांमध्ये काही ठिकाणी कठीण काळा पाषाण, काही ठिकाणी सच्छिद्र दगड आणि अधूनमधून तांबूस मातीचे पट्टे आढळतात. वरच्या अंगाला खडक झिजून मुरूम होतो व त्यावर मातीचा थर बसतो. महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारांवर आणि कोकणात जांभा असतो. जांभ्यातून पाणी सहज झिरपते. त्याच्या खालची चिकण माती, कोकणात जिला शेडी म्हणतात, ते पाणी अडवते. अडलेले पाणी मग दोन थरांच्या सांध्यातून उतारावर बाहेर पडते. पावसाळ्यात कोरड्या वाटणाऱ्या कड्याच्या मध्यावर अचानक झरे फुटतात, ते यामुळेच.

घराच्या दृष्टीने हे सांधे नाजूक असतात. पाण्याने जड झालेला वरचा थर खालच्या निसरड्या थरावरून सरकण्याचा धोका इथेच सर्वाधिक. म्हणून पाया आखण्यापूर्वी भूखंडावर तीन-चार ठिकाणी चाचणी खड्डे घेऊन माती किती खोल आहे, मुरूम कुठे लागतो आणि पक्का खडक किती खाली आहे, हे पाहिले जाते. उतार मोठा असेल तर हे काम भूतांत्रिक अभियंत्याकडे सोपवून बोअर घेणे आवश्यक ठरते. घराच्या एकूण खर्चाच्या तुलनेत हा खर्च किरकोळ असतो.

काही खुणा साध्या डोळ्यांनाही दिसतात. बुंध्याशी वाकून पुन्हा सरळ वाढलेली झाडे, उतारावर पडलेल्या अर्धवर्तुळाकार भेगा, कललेले विजेचे खांब, फुगलेले दगडी बांध आणि भर उन्हाळ्यातही हिरवा राहणारा एखादा पट्टा, या सर्व खुणा जमिनीच्या हालचालीकडे किंवा तिच्या पोटातील पाण्याकडे बोट दाखवतात. गावातील वयस्कर माणसांना जुने ओहोळ ठाऊक असतात. त्यांच्याशी बोलावे, आणि निर्णय घेण्यापूर्वी तीच जमीन एकदा भर पावसात जाऊन पाहावी.

डोंगर कापायचा किती?

सपाटीवरचा आराखडा उतारावर आणून बसवायचा, त्यासाठी जेसीबी लावून डोंगर कापायचा आणि निघालेली माती पुढे ढकलून अंगण करायचे, ही पद्धत सर्रास दिसते. तिचे दोन तोटे आहेत. मागच्या बाजूला उभा, आधार गेलेला कापीव कडा तयार होतो. आणि पुढच्या बाजूला भरावाची जमीन तयार होते, जी पुढील काही पावसाळे खचत राहते. घराचा अर्धा भाग मूळ जमिनीवर आणि अर्धा भरावावर आला, तर दोन्हींच्या खचण्यात फरक पडून भिंतींना तिरक्या भेगा जातात. भरावावर फरसबंदी वा बाग करता येते. पाया मात्र भराव ओलांडून मूळ घट्ट जमिनीपर्यंत गेलाच पाहिजे.

कापणी कमी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय कागदावरच करता येतो. समजा, १:५ उतारावर १५ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद घर एकाच पातळीवर बांधायचे आहे. लांब बाजू समोच्च रेषांना समांतर ठेवली तर घराच्या मागच्या-पुढच्या कडेत १.६ मीटरचा फरक येतो आणि पूर्ण सपाटीसाठी सुमारे ९६ घनमीटर माती काढावी लागते. तेच घर आडवे फिरवून उताराच्या दिशेने लांब ठेवले, तर फरक ३ मीटरचा होतो आणि माती १८० घनमीटर निघते. घर तेच, क्षेत्रफळ तेच. खोदकाम जवळपास दुप्पट.

ज्येष्ठ वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी स्वस्त घरांविषयीच्या आपल्या सचित्र पुस्तिकेत हाच मुद्दा मांडला होता. ब्रिटनमध्ये १९१७ साली जन्मलेले बेकर भारतात आले, हिमालयातील पिथोरागडला अनेक वर्षे राहिले आणि पुढे तिरुवनंतपुरम येथे स्थायिक झाले. तेथील नालांचिरा भागात खडकाळ उतारावर त्यांनी स्वतःसाठी बांधलेले घर, 'द हॅम्लेट', टप्प्याटप्प्याने वाढत गेले. डोंगर सपाट करण्याऐवजी घरानेच उंचसखलपणा स्वीकारावा, हे त्या घराकडे पाहिल्यावर सहज उमगते.

आधुनिक रचनेत यासाठी प्रामुख्याने दोन मार्ग आहेत. पहिला, घराच्या पातळ्या पायऱ्यांसारख्या उतरवण्याचा. बैठकीची खोली वर, चार-सहा पायऱ्या खाली जेवणाची जागा, त्याखाली शयनगृहे. दुसरा, घर खांबांवर उचलण्याचा. यात जमीन जवळजवळ अस्पर्श राहते आणि पावसाचे पाणी घराखालून निघून जाते. मात्र उतारावर वरच्या बाजूचे खांब आखूड आणि खालच्या बाजूचे लांब होतात. भूकंपाच्या वेळी आखूड, ताठर खांबांवर अधिक ताण येतो व ते आधी तुटतात. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेचा भूकंप अनुभवलेल्या या पट्ट्यात ही बाब नजरेआड करता येणार नाही. त्यामुळे खांबांवरच्या घराचे गणित अनुभवी स्ट्रक्चरल अभियंत्याकडूनच करून घ्यावे.

पाण्याचा हिशेब

एक चौरस मीटर क्षेत्रावर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी होते. या हिशेबाने १५० चौरस मीटर छपरावर दिवसभरात १०० मिलिमीटर पाऊस झाला तर १५ हजार लिटर पाणी जमा होते. सह्याद्रीच्या माथ्यावर हा पाऊस मुळीच असाधारण नाही. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. तेवढा पाऊस त्याच छपरावर पडला असता, तर ८९ हजार लिटर, म्हणजे १० हजार लिटरचे जवळपास नऊ टँकर पाणी एका दिवसात खाली आले असते. यात डोंगराच्या वरच्या अंगाने वाहत येणारे पाणी धरलेलेच नाही.

वरून येणारे हे पाणी घरापर्यंत पोहोचूच नये, यासाठी घराच्या वरच्या बाजूस, काही अंतरावर, समोच्च रेषेला किंचित तिरका दगडी किंवा काँक्रीटचा चर काढतात. तो पाणी घराला वळसा घालून नैसर्गिक ओहोळात सोडतो. छपराचे पाणी पन्हळीतून, अंगणाचे पाणी गटारातून आणि संरक्षक भिंतीमागचे पाणी स्वतंत्र नळीतून, अशा तिन्ही वाटा आराखड्यात वेगवेगळ्या दाखवलेल्या असाव्यात. ओहोळ बुजवून वा वळवून भूखंड मोठा करण्याचा मोह महागात पडतो. पाणी आपली जुनी वाट विसरत नाही.

संरक्षक भिंतीचे गणित तर अधिकच बोलके आहे. तीन मीटर उंच भिंतीमागे कोरडी, सुटी माती असेल, तर तिचा दाब भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर ढोबळमानाने पावणेतीन टन असतो. ती माती पाण्याने पूर्ण भरली आणि पाण्याला निघायला वाट नसली, तर पाणी आणि माती मिळून तोच दाब सुमारे सहा टनांवर जातो. कोसळणाऱ्या अनेक भिंती मातीच्या वजनाने नव्हे, तर मागे तुंबलेल्या पाण्याने कोसळतात, त्याचे कारण हे. म्हणूनच भिंतीत ठराविक अंतरावर पाणी झिरपण्याची छिद्रे, त्यांच्यामागे खडी-वाळूचा थर आणि तळाशी छिद्रांची नळी या गोष्टी अत्यावश्यक आहेत. खडीचा थर वाचवून केलेली काटकसर वरून दिसत नाही. ती कळते एखाद्या ऑगस्टमध्ये. भिंत उंच होत असेल, तर एकच अखंड भिंत उभारण्याऐवजी कमी उंचीच्या दोन-तीन भिंती टप्प्याने घेणे बरे.

आणखी एक बाब सपाटीच्या सवयीने चुकते. शहरात पावसाचे पाणी शोषखड्ड्यात जिरवणे हे पुण्यकर्म मानले जाते. तीव्र उतारावर, घराच्या पायाजवळ किंवा खालच्या भिंतीच्या माथ्यावर असे पाणी जिरवणे म्हणजे सरकू पाहणाऱ्या थराला वंगण देणे होय. सेप्टिक टँकच्या शोषखड्ड्यालाही हेच लागू आहे. अशा ठिकाणी सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते घरापासून दूर, सौम्य उताराच्या बागेला देणे अधिक सुरक्षित ठरते. पावसाचे पाणी जिरवण्याऐवजी साठवावे. पाच माणसांच्या कुटुंबाला दरडोई १३५ लिटरप्रमाणे दिवसाला ६७५ लिटर पाणी लागते. ५० हजार लिटरचे टाके भरलेले असेल, तर ते सत्तर दिवसांहून अधिक पुरते. फेब्रुवारीनंतर टँकरची वाट पाहणाऱ्या डोंगरी बंगल्यांसाठी ही मोठी सोय आहे. टाके मात्र पक्क्या खडकावर आणि गळतीविना असले पाहिजे. सह्याद्रीतील किल्ल्यांवर कातळात खोदलेली टाकी आजही पाणी धरून आहेत, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

दृश्याची मांडणी

पाण्याची वाट ठरली, की दृश्याकडे वळता येते. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर दरी पश्चिमेला असते. सूर्यास्त तिकडे, कोकण तिकडे. आणि नैर्ऋत्येचा पाऊस व दुपारचे तापलेले ऊनही तिकडूनच. पूर्ण पश्चिम भिंत काचेची केली, तर जून ते सप्टेंबर पाण्याचा मारा आणि मार्च-एप्रिलमध्ये भट्टी, असा अनुभव येतो. यावर जुने उत्तर आहे पडवीचे. दोन-अडीच मीटर खोल पडवी, तिच्यावर खाली उतरलेले छप्पर आणि मग आत काच किंवा दार, अशी रचना केली, की ऊन-पाऊस बाहेर थांबतो आणि बसायला घरातली सर्वांत सुंदर जागा मिळते. कोकणातील कौलारू घराची लांब वळचण हेच काम करते.

सर्व खोल्यांतून सगळे दृश्य दिसलेच पाहिजे, हा हट्टही तपासून पाहावा. जिन्याच्या वळणावरची एक लहान खिडकी आणि तिच्यातून दिसणारा एकच सुळका, स्वयंपाकघराच्या ओट्यासमोरची आडवी खिडकी आणि तिच्यातले धरणाचे पाणी, अशा मोजक्या चौकटी दीर्घकाळ ताज्या राहतात.

अमेरिकन वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट यांची दोन घरे या संदर्भात पाहण्याजोगी आहेत. १९११ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात त्यांनी बांधलेल्या स्वतःच्या घराचे नाव टेलिएसिन. वेल्श भाषेतील या शब्दाचा अर्थ 'तेजस्वी भाळ'. घर टेकडीच्या माथ्यावर न चढवता ते तिच्या कपाळाशी बसवायचे आणि माथा मोकळा ठेवायचा, हा त्यामागचा विचार. दुसरे घर 'फॉलिंगवॉटर'. पेनसिल्व्हेनियातील बेअर रन ओढ्यावर, पिट्सबर्गचे व्यापारी एडगर कॉफमन यांच्या कुटुंबासाठी राइट यांनी १९३५ मध्ये त्याचा आराखडा केला आणि १९३७ मध्ये मुख्य घर पूर्ण झाले. धबधबा समोर दिसेल असे घर कुटुंबाला अपेक्षित होते; राइट यांनी ते धबधब्यावरच बसवले. जागेवरचा खडक बैठकीच्या खोलीत तसाच ठेवून त्यालाच शेकोटीचे जोते केले.

हे घर २०१९ मध्ये राइट यांच्या अन्य सात वास्तूंसह जागतिक वारसा यादीत गेले. पण त्याचा दुसरा धडाही तितकाच मोलाचा आहे. ओढ्यावर अधांतरी काढलेल्या त्याच्या गच्च्या प्रारंभापासूनच खाली झुकू लागल्या होत्या. पुढे हा झुकाव सुमारे १८ सेंटिमीटरपर्यंत गेला आणि २००२ मध्ये पोलादी दोरांनी ताण देऊन त्या सावराव्या लागल्या. दरीवर झेपावणारी गच्ची आपल्याकडेही अनेकांना हवी असते. तिची लांबी ठरवताना छायाचित्राऐवजी अभियंत्याचे म्हणणे अंतिम मानावे.

कुटुंब आणि पायऱ्या

घर कुटुंबासाठी आहे, हे उतारावर विशेष जाणवते. तीन मीटर उंचीचा एक मजला उतरण्यासाठी १५ सेंटिमीटरच्या वीस पायऱ्या लागतात. चाळिशीत त्या जाणवत नाहीत. सत्तरीत त्याच घराचे दोन भाग करतात. म्हणून रस्त्याच्या पातळीवरच बैठकीची खोली, स्वयंपाकघर, एक शयनगृह आणि स्नानगृह असावे. पाहुण्यांच्या व मुलांच्या खोल्या खालच्या पातळीवर न्याव्यात. रुग्णवाहिका घराच्या दारापर्यंत येईल का, हा प्रश्न आराखड्याच्या पहिल्या बैठकीतच विचारला गेला पाहिजे.

बांधकामाचे वेळापत्रकही पाऊसच ठरवतो. खोदकाम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू करून पाया, संरक्षक भिंती आणि पाण्याचे चर मेअखेर पूर्ण व्हायला हवेत. कापलेला कडा आधाराविना जूनमध्ये उघडा राहू देणे, हा या साऱ्या प्रक्रियेतील सर्वांत मोठा धोका आहे. घराचा वरचा भाग पुढच्या हंगामात झाला तरी चालेल. उघड्या पडलेल्या मातीवर पहिल्या पावसाबरोबर गवत व स्थानिक झुडपे लावावीत. जुनी झाडे शक्यतो तोडू नयेत. त्यांची मुळे वरचा थर धरून ठेवतात. घर झाल्यावरही दर वर्षी मे महिन्यात चर, पन्हळी आणि भिंतीतील छिद्रे साफ करणे हा नेमच ठेवावा लागतो. बंगला आठ महिने कुलूपबंद असेल, तर हे काम करणारे माणूस गावात नेमून ठेवणे इष्ट.

अखेर, डोंगरावरच्या घराला एक खालची बाजूही असते. आपल्या अंगणातून सुटलेले पाणी आणि ढकललेली माती जिथे जाऊन थांबते, तिथे कुणाचे तरी भातखाचर, कुणाची विहीर, कुणाची वाडी असते. आराखडा मंजूर करताना नकाशावर आपल्या हद्दीपलीकडची ती वस्ती काढून घ्यावी आणि आपले पाणी तिच्यापर्यंत कोणत्या वाटेने जाणार, हे बोट ठेवून पाहावे. पडवीत बसून दिसणारी खालची कौले हा त्या दृश्याचाच भाग आहे, आणि त्या कौलांखाली झोपणाऱ्यांची रात्र काही अंशी वरच्या घराच्या हाती असते.